धुतलेला कचरा

मावशी ही त्याची मावशी नव्हे, सासू. पण प्लास्टिकच्या कचऱ्यापासून तेल काढणाऱ्या त्या कारखान्यात जावई 'साहेब' होता, आणि साहेबाची सासू कचरा निवडते हे चारचौघांत बरं दिसत नाही. म्हणून गेटच्या आत पाऊल टाकलं की ती मावशी व्हायची. तो तिला 'मावशी' म्हणायचा, ती त्याला 'साहेब'. सुट्टीच्या दिवशी लेकीकडे जेवायला गेली की पुन्हा 'आई' आणि 'जावईबापू'. हे गुपित कारखान्यातल्या नऊच्या नऊ माणसांना ठाऊक होतं आणि ते पाळण्यात नऊच्या नऊ जणांना मजा येत होती.

कारखान्याचं काम सांगायला सोपं. भट्टीत प्लास्टिक भरायचं, झाकण घट्ट आवळायचं, खालून तापवायचं. आत वाफ होते, ती नळीतून गार पाण्याच्या हौदातून जाते आणि दुसऱ्या टोकाला तपकिरी, उग्र वासाचं तेल ठिबकतं. सगळी मेख भट्टीत काय भरता यात. आणि ते ठरवायची मावशी.

ती पिशवी कानाशी धरून चुरगाळायची. कुजबुजली तर उजव्या ढिगात, कुरकुरली तर डाव्या. कुजबुजणारी तेल देते, कुरकुरणारी नुसती जागा अडवते. आणि जी कडक, मुकाट असते ती पाइपाच्या जातीची. ती भट्टीत गेली की नळ्या सडतात आणि भट्टीवाला दोन दिवस खोकत बसतो. माणसंही ती साधारण अशीच निवडायची. जावयाचा ढीग कोणता हे तिने लग्नाच्या बोलणीतच ठरवलं होतं, पण तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं.

एके दिवशी भट्टीवाला तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. अनुदान देणारी समिती आठवडाभरात पाहणीला येणार होती आणि साहेबाने केलेला अर्ज त्याने वाचला होता.

"तिसरी बाब ऐका," तो म्हणाला. "निवड यंत्र, नग एक. पुढे लिहिलंय, हाताने निवड बंद."

"हात कुणाचे ते लिहिलंय का?"

"नाही."

"एवढी लाज आहे म्हणायची."

मावशीने मनातल्या मनात गणित मांडलं. मंजुरी आली तर आपण घरी. नाही आली तर कारखान्याला कुलूप, म्हणजे जावई घरी, आणि जावई दिवसभर घरी म्हणजे लेकीच्या डोक्याला ताप. दोन्हीकडून आपलंच माणूस बुडत होतं.

सुट्टीच्या दिवशी तिने ताटावरच विषय काढला. "जावईबापू, ते यंत्र ऐकतं का हो?"

"बघतं, आई. कॅमेरा असतो त्याला."

"ऐकत नाही?"

"ऐकायचं काय त्यात?"

"म्हणजे घरातल्या पुरुषांसारखंच."

लेकीला ठसका लागला. जावयाने पाण्याचा पेला पुढे केला. "आई, तुम्ही आता आराम करा," तो म्हणाला. आरामाचं मावशीला चांगलंच माहीत होतं. तिचा थोरला भाऊ आरामाला लागला आणि सहा महिन्यांत समोरच्या बिल्डिंगमधलं कोण किती वाजता कपडे वाळत घालतं हे तोंडपाठ सांगायला लागला.

समिती यायच्या दोन दिवस आधी साहेब नाकाला रुमाल लावून ढिगाऱ्यापाशी आला.

"पाहुण्यांना हे दाखवायचं?"

"पाहुणे कचऱ्याचा कारखाना बघायला येतायत ना, साहेब?"

"कचरा म्हणू नका. संसाधन म्हणा." त्याने ढीग एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून न्याहाळला. "सगळं धुऊन काढा. आणि रंगवार लावा. निळं एकीकडे, पिवळं एकीकडे. फोटोत उठून दिसेल."

रंगवार म्हणजे पंधरा दिवस कान लावून निवडलेलं सगळं पुन्हा एकात एक. मावशी उठून उभी राहिली. "साहेब, ओलं प्लास्टिक भट्टीत गेलं तर आधी पाणीच..."

"मावशी," साहेब म्हणाला, "भट्टीचं भट्टीवाला बघेल."

भट्टीवाला तेव्हा आपल्या बुटांकडे बघत होता.

मग टँकर आला. साबणाची पोती आली. नऊ माणसं गुडघाभर फेसात उभी राहून लोकांनी फेकून दिलेल्या पिशव्या घासत होती. एकाने बिस्किटाचा कागद घासून उन्हात धरला आणि म्हणाला, "घरची भांडी इतकी घासली असती तर बायको पाय धुऊन पाणी प्याली असती." शेवटी साहेबाने ढिगाऱ्यावर गुलाबी वासाचा फवारा मारला. कारखान्याला पहिल्यांदाच न्हाणीघराचा वास आला.

समिती तिघांची होती, पण बोलणारे एकटे अध्यक्ष. ते पिवळ्या ढिगाऱ्यापाशी थांबले. एक पिशवी त्यांनी उचलली, हुंगली आणि बाकीच्या दोघांना हुंगायला दिली. "आजवर अकरा कारखाने पाहिले," ते म्हणाले, "पण कचऱ्याबद्दल इतका आदर कुठे दिसला नाही."

भट्टी पेटली. झाकणाखाली खदखदल्याचा आवाज आला. तासाभराने नळीच्या टोकातून धार सुरू झाली. काचेसारखी स्वच्छ, बिनवासाची. भट्टीवाल्याने मावशीकडे पाहिलं. मावशीने छताकडे पाहिलं. ते पाणी होतं.

अध्यक्षांनी बाटली उजेडात धरली. "काय नितळ आहे हो. आणि वास अजिबात नाही."

"आमचा भर शुद्धतेवर आहे," साहेब म्हणाला. घाम पुसायला त्याने नाकावरचा रुमाल वापरला.

तोवर निभावलं होतं. पण अध्यक्षांची नजर कोपऱ्यातल्या जनरेटरवर आणि त्याच्या वर लटकणाऱ्या दिव्यावर गेली. "जरा चालवून दाखवा की."

साहेब "हो, हो" म्हणत मागच्या शेडमध्ये आला. मागच्या खेपेचं गाळलेलं तेल तिथल्या कपाटात असायचं. माणसं ते आपापल्या दुचाकीत ओतून बघायची, म्हणून कपाटाला कुलूप आणि किल्ली मावशीच्या कमरेला. ती स्टुलावर बसून एक पिशवी कानाशी धरून चुरगाळत होती.

"आई," साहेब म्हणाला.

कारखान्यात हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. मावशीने पिशवी खाली ठेवली.

"ती तिसरी बाब," ती म्हणाली.

"आई, हे आत्ता?"

"आत्ताच. दिवा लागला की तुम्ही पुन्हा साहेब होणार."

"बघतो मी. शब्द देतो."

"शब्द घरी द्या. इथे त्यांच्या हातातल्या अर्जावरची ओळ खोडा. मी दारातून बघते."

बाहेर अध्यक्ष घड्याळ बघत होते. साहेबाने एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा सासूकडे. मग बाहेर जाऊन त्याने खिशातलं पेन काढलं आणि घसा खाकरला. "अध्यक्षसाहेब, तिसरी बाब आम्ही मागे घेतोय. निवडीसाठी आमच्याकडे स्वतःचं तंत्र आहे. श्रवणावर आधारित."

"श्रवणावर?" अध्यक्षांनी समितीतल्या बाकीच्या दोघांकडे पाहिलं. दोघांनी माना हलवल्या. ओळ खोडली गेली. मावशीने कुलूप उघडलं.

तपकिरी तेल जनरेटरमध्ये गेलं, जनरेटर दोनदा शिंकला, मग धडधडला आणि दिवा लागला. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी मात्र नितळ बाटली आणि तपकिरी कॅन शेजारी शेजारी धरले. "रंगात फरक कसा?"

"ही पहिली धार," साहेब म्हणाला, "आणि ही दुसरी."

"तरीच," अध्यक्ष म्हणाले आणि पहिल्या धारेची बाटली कार्यालयात ठेवायला सोबत घेऊन गेले.

दोन महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. कारखाना वाचला. पत्रात एकच अट होती. समितीला स्वच्छतेने फार प्रभावित केलं होतं, तेव्हा यापुढे भट्टीत जाणारं सगळं प्लास्टिक धुतलेलंच असावं. त्यासाठी धुलाई यंत्र, नग एक, न मागता मंजूर.

यंत्र आलं. ते धुवायचं झकास, वाळवायचं नाही. मग आवारात या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा दोऱ्या बांधल्या आणि चिमटे लावायला चार बाया नेमल्या. त्यांच्यावर देखरेखीला मावशी, पक्क्या नोकरीत. एका दिवसात भट्टीत जाणारा माल आता चार दिवसांनी जायला लागला. वारा सुटला की दोन दिवसांचा माल शेजारच्या आवारात पडायचा आणि तो वेचून आणायला एक माणूस वेगळा.

लेकीने एकदा बोटं मोजत हे सगळं ऐकून घेतलं. पाणी, साबण, यंत्राची वीज, बाया, चिमटे. "आई," ती म्हणाली, "मग यात फायदा काय झाला?"

"कुणाचा विचारतेस?" मावशीने विचारलं.

लेक उठली. मग तिने जावयाच्या आधी आईचं ताट वाढलं.