मामाजी हरवले

रूपराव चाफल्यांना जगात कशाचा राग असेल, तर दुसऱ्याला मजा येत असण्याचा. हे ऐकायला जरा कडू वाटेल, पण माणूस कडू नव्हता हो! सेलूत कोणाकडे मयत असो की मांडव, सगळ्यांच्या आधी रूपराव हजर. फक्त फिरायला जाणं, फोटो काढणं, उगाच खिदळणं ही त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांची कामं. घरून वावरात आणि वावरातून घरी, सत्तरीला टेकले तरी त्यांचा प्रवास एवढाच. आणि अशा माणसाच्या सुनेनं काय काढावं? सहलींचा धंदा!

मोहिनी त्यांची एकुलती एक सून. तिचा नवरा कैलास सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला, तो सकाळी जाणार आणि संध्याकाळी येणार. मोहिनीला काही घरात बसवेना. तिच्या मामाचं गाव मोर्शीकडचं, त्यामुळे सातपुड्याचे डोंगर तिच्या लहानपणापासून पायाखालचे. तिनं ठरवलं, की आपल्या गावात जन्म गेला तरी ज्यांनी डोंगर जवळून पाहिला नाही, अशा बायामाणसांना गाडीत घालायचं, सालबर्डीला न्यायचं, गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करू द्यायची, पोटभर जेवू घालायचं आणि दिवेलागणीला घरी आणून सोडायचं. सासूनं, म्हणजे विमलाबाईनं, ऐकताक्षणी हो म्हटलं. रूपराव कितीतरी दिवस बोललेच नाहीत. मग एकदा भाकर मोडता मोडता म्हणाले,

"कर एक खेप. मी येतो संग. पन एक सांगून ठेवतो. जितके लोकं नेशीन, तितके वापस आनजो. एकही मानूस हरवला, त धंदा त्याच दिवशी बंद."

"हाव मामाजी," मोहिनी सासऱ्यांना म्हणाली. सगळी पिकली पानं, ती कुठं पळून जाणार, असं तिला वाटलं.

जानेवारीतल्या रविवारी भल्या पहाटे गाडी निघाली. वर्धा मागं पडलं नाही तोच रूपरावांनी उभं राहून ती अट सगळ्या गाडीला ऐकवली. आता रूपरावांचा शब्द म्हणजे काय ते सेलूत पोरासोरांना ठाऊक. एकदा भावाच्या घरचं पाणी पिणार नाही म्हणाले, ते भाऊ पाया पडायला आला तेव्हाच प्याले. मोहिनीचा चेहरा एवढासा झाला. शेजारचे कवडूजी त्यांचे जुने दोस्त, ते मागून ओरडले, "काय गा रूपराव, तू सहलीले आला का पंचनाम्याले?" गाडी हसली. रूपराव खिडकीकडे तोंड करून बसले.

आर्वीला तर्रीपोहे झाले. पुढं मोहिनी गाडीत उभी राहून एकेक दाखवू लागली, हा संत्र्याचा पट्टा, तो निळा दिसतो तो सातपुडा, तिथं वर कपारीत महादेव आहे, आणि खाली जमिनीतून आपोआप ऊन पाणी येतं. बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. कोणी म्हणालं, देवाची करणी अन् नारळात पाणी. रूपरावांच्या कानात सगळं शिरत होतं. पोरगी बोलते मात्र चांगली, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याचाच त्यांना राग आला.

सालबर्डीला उतरल्यावर सगळी मंडळी लहान लेकरांसारखी कुंडाकडे सुटली. पुरुषांचं कुंड एका भिंतीआड, बायांचं पलीकडे. कवडूजींनी रूपरावांचा हात ओढला.

"चाल, आंग धुऊन घे. गुडघे मोकळे होतीन तुह्ये."

"आमच्या घरी बंब आहे," रूपराव म्हणाले. "पानी तापवाले मी दोन जिल्हे वलांडत नसतो. जा तुमी. मी चपला राखतो."

आणि बसले की खरंच चपला राखत! आतून हसण्याचे, पाणी उडवण्याचे आवाज येत होते. सगळे बाहेर आले ते लालबुंद होऊन. विमलाबाईची तर कंबरच सैल झाली होती. ती नव्या नवरीसारखी भराभर चालत आली आणि म्हणाली, "अवो, जाऊन या ना! लय बरं वाटते." रूपरावांनी मान फिरवली. मन म्हणत होतं जा, पण आता कोणत्या तोंडानं जाणार? पडलो तरी नाक वर, अशी त्यांची जात.

डोंगर चढून महादेव झाला. रूपरावही चढले, पण उतरताना गुडघ्यांनी जीव काढला. खाली गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजून ठेवले होते, वांग्याची भाजी होती, तूप होतं. जेवणं झाली आणि जो तो झाडाखाली आडवा झाला. परत निघायला थोडा वेळ होता. रूपरावांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. कवडूजी घोरत होते. विमलाबाई बायांत गप्पा मारत होती. मोहिनी भांडी घासणाऱ्या बाईशी बोलत होती.

रूपराव उठले. सरळ कुंडाकडे गेले असते तर एक वेळ चाललं असतं, पण माणूस पडला धोरणी. कुंडाबाहेर आपली काठी आणि चपला कोणी ओळखल्या तर? म्हणून ते आधी नदीकडे गेले, खडकावर चपला काढल्या, शेजारी काठी ठेवली आणि अनवाणी, झुडपांच्या आडोशानं, कुंडाच्या भिंतीमागं शिरले. आत तीन-चार परकी माणसं होती. रूपरावांनी कपडे उतरवले, चड्डीवर पाण्यात पाय टाकला आणि त्यांच्या तोंडून आपोआप "अगाई गंऽ" निघालं.

काय सांगावं त्या पाण्याचं! गुडघ्यातली ती जुनी सुरी कोणी अलगद उपसून काढावी तसं झालं. रूपराव गळ्यापर्यंत बुडाले. डोळे मिटले. शेजारी वरूडकडचे एक अण्णाजी होते, ते म्हणाले, "पहिल्यांदा आले काय?" रूपराव नुसते "हं" म्हणाले. बोलण्यात वेळ घालवावासा वाटेना. एवढी वर्षं आपण नेमकं कशाशी भांडत होतो, असा एक विचार येऊन गेला, पण तोही गरम पाण्यात विरघळला.

"मामाजीऽऽ!"

बाहेरून आवाज आला. कुंडातल्या तीन माना वळल्या, कारण आमच्याकडे ज्याला सून तो मामाजी. रूपरावांनी नुसते डोळे उघडले. निघायची वेळ झाली होती वाटतं. आता हाकेसरशी बाहेर जायचं म्हणजे ओल्या चड्डीवर सगळ्या गाडीसमोर जायचं! कवडू जन्मभर सोडणार नाही. ते हनुवटीपर्यंत पाण्यात सरकले. म्हटलं, ती पुढं जाऊ दे, मग मागच्या मागं निघू.

आवाज भिंतीजवळ आला. "भाऊ, आतमधी आमचे मामाजी हायेत काय? उंचेपुरे, पांढऱ्या मिशा?"

अण्णाजींनी रूपरावांच्या मिशांकडे पाहिलं. "तुमची सून काय हो?"

आणि रूपरावांनी, सबंध आयुष्यात खोटी साक्ष न दिलेल्या माणसानं, मान हलवून नाही म्हटलं!

"इथं कोनी नाई वो बाई," अण्णाजी ओरडले.

बाहेर कवडूजींचा आवाज आला, "अवं पोरी, रूपराव अन् कुंडात? जीव जाईन पन जाचा नाई. तिकडं पाहू चाल." पावलं लांब गेली. रूपरावांना सुटल्यासारखं वाटलं. पण खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं पाणी आता आधीसारखं गोड लागेना. इकडून तिकडून हाका येऊ लागल्या. विमलाबाईची 'अवो, अवो', ड्रायव्हर चंदनची 'काकाजी', आणि सगळ्यांवर मोहिनीची 'मामाजी'. मग एकदम सगळ्या हाका थांबल्या.

नदीकडून चंदनचा आवाज आला, "वहिनी, इकडं या! काठी सापडली! चपला बी हायेत!"

नदीला खडकाच्या खाली डोह होता. रूपरावांना तो डोह आठवला. आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते काठाला धरून उठायला लागले. तेवढ्यात ती हाक आली.

"रूपरावऽऽ! रूपराव चाफलेऽऽ! ओ द्या होऽऽ!"

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. शिकली-सवरली असली तरी कागदावर लिहील, पण तोंडानं घेणार नाही. मोहिनीनं घेतलं. भर माणसांत, छाती फाटेस्तोवर ओरडून घेतलं, आणि समोरच्या डोंगरानं ते जसंच्या तसं परत पाठवलं.

रूपरावांना बाईच्या आवाजात त्यांच्या नावानं एकाच माणसानं हाक मारली होती, ती त्यांच्या मायनं. तान्हं पोर होते तेव्हाही ती त्यांना 'रूपराव' म्हणायची, मोठ्या माणसासारखं. लहानपणी एकदा मार चुकवायला ते कापसाच्या गंजीत लपले होते आणि ती अशीच वावरभर ओरडत फिरली होती, अशीच रडक्या आवाजात. माय गेली त्याला किती वर्षं झाली. तेव्हापासून ते कोणाचे काका होते, कोणाचे बाबा, कोणाचे मामाजी, कोणाचे नुसते 'अवो'. त्या हाकेला काय उत्तर द्यायचं असतं, हे मात्र जीभ विसरली नव्हती.

"ओऽऽ! आलो मायऽऽ! आलो!"

आणि रूपराव चाफले ओल्या चड्डीवर, खांद्यावर शेला टाकून, काट्याकुट्यांतून नदीकडे धावत सुटले. गुडघे आहेत याची आठवणही त्यांना राहिली नाही.

मोहिनी डोहाच्या काठी उभी होती. त्यांना पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. ओक्साबोक्शी रडली. विमलाबाईनं नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, गळणारं पाणी पाहिलं, लाल झालेली छाती पाहिली, आणि तिला सगळं समजलं. ती सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

रूपराव कपडे घालून आले तेव्हा सगळे गाडीत बसले होते. कोणी हसत नव्हतं, हेच वाईट. मोहिनी दाराशी उभी होती. डोळे पुसलेले, नाक लाल.

"मामाजी, तुमचं नाव घेतलं, माफी करा," ती म्हणाली. "अन् तुमची अट माह्या ध्यानात आहे. माह्या सहलीत मानूस हरवला. पुढच्या रविवारी हिंगणीच्या बाया येनार होत्या, त्याईले मी नाई म्हनून कळवतो."

तिनं खरंच मोबाईल काढला. कवडूजी कसनुसे म्हणाले, "जाऊ दे ना गा रूपराव, झोप लागली असन तुले कुठंतरी. झोपलेला मानूस काही हरवला नसते."

घ्या! दोस्तानं किती सोयीचं दार उघडून दिलं होतं. नुसतं 'हाव' म्हटलं असतं की झालं असतं. रूपरावांच्या तोंडाशी ते आलंही होतं. मग त्यांनी सुनेच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो मोबाईलवर हिंगणीचा नंबर शोधत होता.

"मी झोपलो नोतो," रूपराव म्हणाले. मग मागच्या सीटपर्यंत जावं म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "झोपलो नोतो अन् हरवलोबी नोतो. मी लपलो होतो."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"कुंडात लपलो होतो. तुह्यी पह्यली हाक ऐकली, दुसरीबी ऐकली. तू भिंतीपाशी येऊन इचारलं, तवा मी मान हलवून नाई म्हटलं. तुमी हासान म्हनून. अन् पानी लय बरं वाटून राह्यलं होतं म्हनून." त्यांनी सुनेच्या हातातल्या मोबाईलकडे बोट केलं. "हरवला असता त तुहा दोष. लपला तो त्याचा त्याचा दोष. ठेव तो फोन."

 मग मागच्या सीटवरून कवडूजींचा असा काही हसण्याचा स्फोट झाला, की सगळी गाडी हलली. "बंब आहे म्हने घरी!" ते मांड्या थोपटत ओरडले. "दोन जिल्हे वलांडत नाई म्हने!" बाया पदरात तोंड खुपसून हसल्या. मोहिनीही हसली, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. रूपराव ऐकून घेत राहिले. वाटलं होतं तितकं काही ते लागलं नाही.

"साठी बुद्धी नाठी," विमलाबाई म्हणाली. "तुमची त सत्तरी आली."

रूपराव तिच्या शेजारी बसले. मग वाकून सुनेला म्हणाले, "बाई, एक आयक. पुढं कधी मी सापडलो नाई, त पह्यलेच नावानं हाक मारजो. मामाजी म्हटलं की मले मोठं झाल्यावानी वाटते, लपता येते. नाव घेतलं की यावंच लागते."

 मोहिनीनं मान हलवली.

विमलाबाई हे सगळं ऐकत होती. लग्नात उखाणा घेतला त्यानंतर ते नाव तिच्या ओठांवर आलेलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "मंग मी बी एकदा घेऊन पाहू काय?"

कवडूजींचं हसणं थांबलं. सगळी गाडी कान टवकारून बसली. रूपरावांच्या कानांच्या पाळ्या कुंडातून निघाल्या तेव्हापेक्षाही लाल झाल्या. ते समोर ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहत, अगदी बारीक आवाजात म्हणाले,

"इथं नको. घरी घेजो."