निळा पट्टा आणि तीन कप चहा

दोन तास धावून बस आडरानातल्या खाणावळीपुढे थांबली, बसभर म्हाताऱ्या उतरल्या, आणि संडास कुठे आहे हे एकीनेही विचारलं नाही. चमत्कार म्हणतात तो हाच. आमच्या पूर्व फ्रिसलँडात, म्हणजे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, माणूस उठल्यापासून चहाच पीत असतो. इथे असं दृश्य मला नर्सच्या सगळ्या नोकरीत दिसलं नव्हतं.

प्रत्येकीच्या कार्डिगनवर, ओटीपोटाशी, एक पट्टा होता आणि त्यात निळा दिवा जळत होता. दक्षिणेकडून आलेले डालमानसाहेब महिन्यापूर्वी गावात हे पट्टे वापरून बघायला वाटून गेले होते. आज ते विकायचे होते. अशा सहली आमच्याकडे नेहमीच्या: फुकट प्रवास, फुकट केक, आणि खरेदी होईपर्यंत सुटका नाही. सगळ्या आत बसल्यावर साहेबांनी पडदे ओढले, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. बस निघून गेली होती. बाहेर नुसती कुरणं आणि गाई.

"बाहेरचा उजेड आला की पट्ट्याचा उजेड बिथरतो," ते म्हणाले. "हा प्रकाश थेट मूत्राशयाच्या नसेशी बोलतो, आजीबाई. नस म्हणते, ऊठ. प्रकाश म्हणतो, बस खाली."

सगळ्या हसल्या. सगळ्यात जास्त हसली ती माझ्या नवऱ्याची आत्या, फोलके.

हसू दे बिचारीला, असं मलाही वाटलं. सहा वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती, नातीच्या लग्नालासुद्धा नाही. गुडघ्याचं निमित्त सांगायची. लघवी आवरत नाही हे तिने डॉक्टरांना सांगितलं नाही आणि घरात नर्स असून मलाही नाही. पट्टा बांधल्यावर ती चर्चला गेली, बाजारात गेली. आणि परवा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. जीभ कोरडी ठाक. रक्ताचा अहवाल बघून डॉक्टर मला म्हणाले, "ही बाई पाणीच पीत नाही. असंच चाललं तर मूत्रपिंडं हातची जातील."

"का पीत नाहीस, आत्या?" मी विचारलं होतं.

"पाण्याने प्रकाश पातळ होतो. चहाने तर नसेवर डाग पडतात. पट्टा बांधायचा तर घोट घोटच प्यायचं, साहेबांचा नियम आहे."

"आणि तू चहा सोडलास?"

"पट्टा सोडला तर मी परत घरातल्या त्या खुर्चीत, सूनबाई. तू बसणार आहेस माझ्याबरोबर?"

म्हणून आज मी तिच्याबरोबर बसमध्ये चढले होते.

डालमानसाहेब 'विद्यापीठातलं संशोधन' म्हणाले तेव्हा मी उभी राहिले. "मी नर्स आहे. उंदरांवर हे खरंच झालंय." साहेब खुलले. "पण आधी त्यांच्या नसांना प्रकाश कळावा म्हणून त्यांत वेगळं जनुक घालावं लागतं. मग दिवा पोटाच्या आत बसवतात. इथे नसा आंधळ्या, आणि दिवा लोकरीच्या कार्डिगनवर."

"बाई, तुम्ही नर्स की उंदीर?" साहेब म्हणाले. खोली हसली. आत्या कुजबुजली, "बस खाली, लाज आणू नकोस."

कुलूपबंद खोलीत माझ्या बाजूने एकही नव्हती. मग मी स्वयंपाकघराकडे उघडणाऱ्या भिंतीतल्या खिडकीतून खाणावळवाल्या थेडाला म्हटलं, "थेडा, सगळ्यांना चहा."

"चहा नको," साहेब झटकन म्हणाले.

सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. ते कॉफीच्या मुलखातले, त्यांना काय ठाऊक? आमच्याकडे पाहुण्याला चहा नाकारणं म्हणजे दार तोंडावर लावणं. आणि चहा म्हणजे तीन कप, त्याहून कमी प्याल तर यजमानीण रुसते.

"एवढा बलवान प्रकाश," मागची एक आजी शांतपणे म्हणाली, "कपभर चहाला भितो होय?"

साहेबांचा धंदा पणाला लागला. "प्या की," ते म्हणाले. "पट्टा खंबीर आहे."

कपात खडीसाखर तडकली, वर सायीचा ढग उमलला. महिनाभर तहानलेल्या त्या बायका तीन कप प्यायल्या, काही चार. साहेब बोलत राहिले. पट्टे जळत राहिले. हळूहळू पायावर पाय चढले, खुर्च्या करकरू लागल्या. पण पहिली उठणार कोण? आत्याच्या कपाळावर घाम होता आणि तिने टेबलाची कड धरली होती. तिला या कोंडीत मीच घातलं होतं, आणि मला स्वतःचा राग येत होता.

आत्या उभी राहिली.

"डालमानसाहेब, दार उघडा. मला लघवी लागलीय."

सहा वर्षांत तिने तो शब्द कुणापुढे उच्चारला नव्हता.

"पट्टा जरा घट्ट करा, आजी..."

"घट्टच आहे. मी चहा प्यालेय."

मागची आजी उठली. मग सगळ्याच उठल्या. साहेब किल्लीसाठी खिसे चाचपत राहिले. दार उघडलं तेव्हा त्यांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. टेबलावर पट्ट्यांचा ढीग पडला होता, सगळे दिवे चालू.

सोमवारी आत्या डॉक्टरांशी स्वतः बोलली. त्यांनी व्यायाम शिकवले, गोळी लिहून दिली, पाणी प्यायला सांगितलं. "बऱ्याच जणींना याने आराम पडतो," ते म्हणाले. "हे सगळं सहा वर्षांपूर्वीही होतं, आजी." आत्या गाडीत बसल्यावर रडली.

तर वाचकहो, न प्यालेलं पाणी बाहेर येत नाही, एवढंच त्या पट्ट्याचं विज्ञान. उद्या तुमच्या दारी कुणी चमत्कार घेऊन आला, तर त्यासोबत तो काय सोडायला सांगतोय ते आधी बघा. आणि दुखणं कुठलंही असो, लाजेपायी दडवू नका. डॉक्टरांना सांगा.