नदी अंगात येणारे महाराज

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी चपलांचा ढीग आणि शेजारच्या टोपलीत बंद करून ठेवलेले मोबाइल. समोर चौरंगावर शाल पांघरून, डोळे मिटून नदीमहाराज बसलेले. पूर येण्याआधी नदी म्हणे त्यांच्या अंगात यायची! गेल्या पावसाळ्यात दोनदा महाराज थरथरले, "पाणी येतंय!" म्हणून ओरडले आणि खालच्या गल्लीत खरंच पाणी शिरलं. तेव्हापासून शहाणीसुरती माणसंसुद्धा त्यांच्यापुढे माना डोलवायला लागली.

"यंत्रं बंद ठेवा," महाराज सांगत होते. "यंत्रांनी नदी बिथरते. तिला काय सांगायचं ते ती मला सांगेल."

एवढ्या मोठ्या नदीला बोलायला हाच माणूस सापडावा!

मी हसून सोडून दिलं असतं, पण माझी काकू खालच्या गल्लीत राहते आणि काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांना वर न्यायचं तर चार माणसं लागतात आणि हाताशी वेळ असावा लागतो. आणि काकूने महाराजांचं ऐकून पुराची सूचना देणारं ॲपच काढून टाकलं होतं.

"काकू, उद्या हे महाराज परगावी गेले तर?" मी विचारलं होतं.

"तुझ्या ताईची सूचना आली तरी कळते का कुणाला? महाराज निदान आपल्यासारखं बोलतात."

माझी ताई पूरनियंत्रण कक्षात आहे. सूचना तीच पाठवते. 'नदीपात्रातील विसर्गात लक्षणीय वाढ अपेक्षित' असलं काहीतरी. काकूचं हे म्हणणं मात्र खरं होतं, आणि ते मी ताईला सांगितलंही. ती आधी चिडली, मग विचारात पडली.

"एक गंमत सांगू?" ती म्हणाली. "दोन्ही वेळा मी बटण दाबलं आणि लगेच नदी त्याच्या अंगात आली. मग नदी कोण, ती की मी? उद्या आमचा सूचना पाठवण्याचा सराव आहे. तू सभागृहात जाऊन बस."

म्हणून मी त्या गर्दीत घाम पुसत बसलो होतो. बाहेर लख्ख ऊन. महाराज वैराग्यावर बोलत होते आणि मध्येच त्यांचं अंग ताडकन उडालं.

"आली! नदी आली! पळा!"

एकच गोंधळ उडाला. पुढच्या रांगेत बसलेली काकू किंचाळत घराकडे धावली. शेजाऱ्यांनी काकांना खाटेसकट उचललं आणि धापा टाकत चढावर आणलं. काका वेदनेने कळवळत होते. वरून सगळ्यांनी खाली पाहिलं. नदीत घोटाभर पाणी होतं.

मागून महाराज आले. चेहऱ्यावर घाम, पण जीभ शाबूत. "माझ्या शब्दाखातर नदी मागे फिरली! तिला मी..." आणि ते पुन्हा ताडकन उडाले. ताईने सराव संपल्याची सूचना सोडली होती.

"पुन्हा आली!" महाराज ओरडले.

"कुठून आली?" काकूने विचारलं आणि सरळ त्यांची शाल ओढली. कमरेला पट्ट्याने आवळून बांधलेला मोबाइल अजून थरथरत होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हा सराव होता. सराव संपला.' मिटल्या डोळ्यांना ते वाचता कसं येणार?

काकूने शाल खाली आपटली. "मला ॲप काढायला लावलंस आणि स्वतः कमरेला बांधून बसलास? तुझा मोबाइल एक दिवस बंद पडला असता, तर माझा नवरा अंथरुणातच बुडाला असता!"

महाराजांच्या अंगात त्यानंतर फक्त पळण्याचं बळ आलं.

ताईने सूचनेची भाषा बदलली. गल्लीतल्या बायकांना बसवून त्यांनाच विचारलं, तुम्ही कसं सांगाल? शेवटी काकूच्या आवाजात सूचना नोंदवली. यंदाच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं, तेव्हा घराघरांतल्या मोबाइलमधून काकू ओरडली, "अगं, पाणी सोडलंय! भांडीकुंडी राहू दे, आधी म्हाताऱ्यांना उचला, वरच्या शाळेत चला!" पाणी आलं तेव्हा गल्ली रिकामी होती. काका शाळेच्या वर्गात भिंतीला टेकून चहा पीत होते.

नदी कुणाच्याही अंगात येत नाही, बाबांनो. ती घरात येते. कुणी ती अंगात आल्याचं सांगितलं, तर हात जोडण्याआधी त्याची शाल ओढून बघा.