तीस सेकंदांचा मी

मी टाइमआउट बोलतोय, वय तीस सेकंद! कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम बसवताना, "बास, नाही येत ही फाइल," म्हणून मधेच डाउनलोड तोडतो ना, तो मीच.

माझा जन्म टोरांटोचा. टेसा नावाच्या पोरीने एका हाताने सँडविच खात मला टाइप केलं. तपासलं, तर फाइल दोन सेकंदांत हजर! "झकास," म्हणाली. मलाही वाटलं, आपण कसले भारी!

मग पोचलो कॅनडाच्या पार उत्तरेला, नुनावुतमधल्या एका गावात, एलिसापीच्या नव्या लॅपटॉपवर. तिथल्या खाडीच्या बर्फात जाडी मोजणारं यंत्र रोवलंय. त्याचे आकडे वाचणारा प्रोग्राम होता जुन्या लॅपटॉपवर; तो लॅपटॉप सकाळीच बंद पडला, म्हणून प्रोग्राम आता नव्यावर बसवायचा. आणि बाहेर तिचे जोआनासीकाका बर्फगाडी सुरू करून उभे, सीलच्या शिकारीला निघालेले.

"काका, थांबा ना. रात्रभर हिम पडलंय, खालचा बर्फ दिसत नाही. आकडा बघू द्या."

"तुझा आकडा येईपर्यंत सील म्हातारा होईल गं!"

डाउनलोड सुरू. पाच टक्के... नऊ... बारा. तीस सेकंद झाले, तोडलं. नियम म्हणजे नियम! पुन्हा शून्यापासून. पुन्हा बारावर कच्च. सात वेळा! आणि सातव्यांदा माझ्या लक्षात आलं, अहो, फाइल थांबलीच नव्हती! उपग्रहावरून थेंबथेंब का होईना, येत होती. मीच दर वेळी... बापरे! अंग नसूनही अंगावर काटा आला.

एलिसापीने टोरांटोला फोन लावला.

"आमच्याकडे तर लगेच होतं," टेसा म्हणाली.

"अगं बाई, तुझ्या मशीनवर फाइल आधीच पडलेली असेल. ती पूस, नेट आमच्याइतकं हळू कर आणि मग बघ."

फोनवर टेसाची खटखट. बारा टक्के. तिथेही तीस सेकंदांत तोडलं!

"अरे देवा! म्हणजे मी डाउनलोड कधी तपासलंच नाही?"

"ते नंतर! काका निघाले बघ!" एलिसापी धावत गेली आणि गाडीची किल्लीच काढून खिशात घातली. काका कुरकुरत आत आले.

टेसाने फाइल आवळून अर्धी केली. तुटलं तर आलेला भाग ठेवायचा, तिथूनच पुढे जायचं. आणि मी मोजायचं ते दर तुकडा आला की पुन्हा शून्यापासून. असा बदललेला मी परत एलिसापीकडे.

बारा. तेरा! तेरा मी जन्मात पाहिला नव्हता. मधेच उपग्रह गप्प. पंचवीस सेकंद... सव्वीस... अठ्ठावीसला एक तुकडा आला. हुश्श!

शंभर टक्के. आकडा उमटला: काकांच्या वाटेवरच, खाडीच्या अरुंद तोंडाशी बर्फ सहा सेंटिमीटर. बर्फगाडीला पंधरा तरी लागतो.

काकांनी आकडा दोनदा वाचला. हातमोजे काढले.

"किल्ली राहू दे तुझ्याकडेच. चहा टाक."

मी अजून तीसच आहे. पण ते सात वेळा तोडणं आठवलं की धस्स होतं. माझ्यासारखे आकडे टाइप करणाऱ्यांनो, हात जोडतो. समोरचा थांबलाय की हळूहळू येतोय, एवढं बघा हो आधी.