अळूच्या पानावरचा निवाडा

लास कान्यासच्या चर्चसमोर अख्खं गाव लोटलं होतं. टेबलावर अळूचं पान, पलीकडे असले निवाडे करणारा बुवा, डॉन एलिबेर्तो, आणि मधोमध ओनेइदा. तीन महिन्यांची पोटुशी. पोटातलं पोर आपल्या मुलाचं नाही, असं तिच्या सासूचं, डोन्या मेलिदाचं म्हणणं होतं. नवरा लिसांद्रो हॅट चुरगाळत खाली बघत होता. गेल्याच महिन्यात याच खेळाने गावातल्या नूरिसला तिच्या घराबाहेर काढलं होतं. ओनेइदाने नकार दिला असता, तरी ती दोषीच ठरली असती.

"नवरा-बायकोचे थेंब! नातं खरं असेल तर एकजीव होतील," डॉन गरजला. "माणसं खोटं बोलतात, लेकरांनो, पाणी नाही!"

लिसांद्रोचं बोट पाण्यात बुडवून त्याने एक थेंब पानावर पाडला. मग ओनेइदाचं मनगट धरून बोटाला काळी 'पवित्र राख' फासली. शिवणयंत्रावरून तिला तशीच ओढून आणली होती. बाहीला टाचण्या टोचलेल्या. त्यातली एक सुटून डॉनच्या जाड अंगठीला चिकटली. त्याने ती घाईने झटकली.

बोटावरून पाणी सोडताच तिचा काळसर थेंब पानाच्या कडेला पडला. अंगठीचा हात खाली घालून डॉनने पान उचललं, तिरकं केलं. लिसांद्रोचा थेंब मोत्यासारखा घरंगळत खोलगटात गेला. तिचा मात्र खिळल्यासारखा जागेवरच.

"बघ लिसांद्रो!" सासू ओरडली. "थेंबालासुद्धा तुझ्याजवळ यायची लाज वाटते!"

ओनेइदाने अंगठीकडे पाहिलं. चहूकडे माणसांची भिंत होती.

"अंगठी काढा, डॉन."

"गुरूंची आहे ती, पोरी. कोप होईल!"

"टाचणी ओढते ती अंगठी. चुंबक आहे तिच्यात, आणि तुमच्या राखेत लोखंडाचा कीस."

तिने पान हिसकावलं. सुटलेला थेंब घरंगळला आणि दुसऱ्यात मिसळून गेला. मग बाहीतल्या टाचण्या तिने अंगठीसमोर धरल्या; झुपका चिकटला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मिसळले!" सासू मिठी मारायला धावली. "माझी सून निर्दोष आहे!"

ओनेइदा मागे सरली. "नाही सासूबाई. अळूवर पाणी चिकटत नाही, उताराने खाली येतं आणि समोरच्या पाण्यात मिसळतं. शेजाऱ्याचा थेंब असता, तरी मिसळला असता. थेंबाला नवरा कळत नाही. मी सांगत होते, तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तूही नाही."



"नूरिसला परत आणा," ती गर्दीला म्हणाली. "आणि पुन्हा कुणी असला निवाडा करायला आला, तर बाईकडे बोट दाखवण्याआधी त्याचे हात तपासा."