टप कापायचा की नाही

आत्याची गाडी समोरून बघितली तर हसू दाबून धरल्यासारखी दिसायची. ठेंगणी, लालबुंद, दोनच माणसांची, एकेकाळी शर्यतीत पळलेली. एकवीस वर्षांपूर्वी एका वळणावर आत्यानं ती झाडावर घातली. झाडाला काही झालं नाही. गाडी शेडमध्ये आली आणि गेल्या वर्षी शेडच तिच्या अंगावर बसली.

बघायला आलेले मिस्त्री जुन्या गाड्यांखेरीज कशाला हात लावत नसत. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावरून हात फिरवावा तसं गाडीवरून फिरवलं. पत्रा शाबूत असेल तिथं ते चिकटायचं, खड्ड्यात नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथं घसरून पडायचं. नऊदा पडलं.

"नाक गेलं, दारं गेली, तळ गेला," ते म्हणाले. "सांगाडा सरळ आहे. दीड वर्ष लागेल, पण उठेल."

आत्याला एवढंच हवं होतं. स्वतः चालवत एकदा घाट चढायचा, मग काय ते होवो. वय एकोणसत्तर.

"बसून बघते," म्हणत ती आत शिरली. हात स्टिअरिंगच्या चाकावर गेले, मान ताठ झाली, गाल मुलीसारखे वर आले. मग उतरायला गेली, तर गुडघे उठेनात. मी दंड धरून ओढलं. चप्पल तेवढी बाहेर आली.

"मिस्त्री," आत्या आतून म्हणाली, "सीट चार बोटं वर घ्या."

"डोकं टपाला लागेल."

"टप कापा."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. घरात कोणी शहाणं आहे का, असं.

"ताई, टप कापला तर ही ती गाडी राहत नाही. असलं काम मी करत नाही."

"आणि न कापता केली तर?"

"जशीच्या तशी. लांबून लांबून लोक बघायला येतील."

"आणि मी?"

"तुम्हीही याल की बघायला."

आत्यानं चाकावरचे हात काढून मांडीवर घेतले.

"मग भंगारात द्या," ती म्हणाली. "आधी मला काढा."

तिच्या पाठीमागून हात घालायला मिस्त्री जमिनीवर गुडघे टेकून बसले. काहीतरी कटकन वाजलं. ते गाडीचं नव्हतं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, परत केला, मग दाराच्या गंजक्या कडेला धरून तसेच राहिले.

"कितवं?" आत्यानं विचारलं.

"चौसष्टावं."

"मग अजून बिघडेल."

मी आधी त्यांना उठवलं, मग दोघांनी मिळून आत्याला. मिस्त्री पँट झटकत टपाकडे बघत उभे राहिले. लांबून बघितलं, वाकून बघायचं टाळलं.

"चार बोटं म्हणजे कुणाची?" शेवटी त्यांनी विचारलं.

आत्यानं हात पुढे केला. त्यांनी शेजारी आपला धरला. त्यांची बोटं चांगलीच जाड होती.

"माझी धरू," ते म्हणाले. "उतरायला बरं पडेल."