गोड्या पाण्याच्या बाटल्या

समुद्र घरात शिरला तेव्हा कौरे डगमगला नाही. चटया गुंडाळून वर टांगल्या, कोंबड्या आपल्या आपण झाडावर चढल्या, दुपारपर्यंत पाणी ओसरलं. त्याची तंतरली ती पुढे काही दिवसांनी, बबाईच्या खड्ड्यात उतरल्यावर. माणसाहून उंच वाढणाऱ्या त्या अळूची पानं कडांनी करपली होती. खड्ड्यातलं पाणी बोटाने जिभेला लावलं. मचूळसुद्धा नाही, चांगलं खारट.

हा वाण त्याच्या पणजोबाचा, बेटावर दुसऱ्या कोणाकडे नव्हता. त्याला खत म्हणून कुठल्या झाडांची पानं वाळवून, चुरून घालायची, हे बापाने कौरेच्या कानात सांगितलं होतं. कौरेला ते मुलीच्या, बुएनाच्या, कानात सांगायचं होतं. पण कंदच कुजले तर सांगून उपयोग काय?

कोणाला विचारायची सोय नव्हती. आमच्याकडे दुसऱ्याच्या खड्ड्यात डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीत डोकावणं. कोणी विचारलंच तर 'ठीक आहे' म्हणायचं आणि माशांचा विषय काढायचा.

राजधानीहून, ताराव्याहून, शेतकी सल्लागार ताबेता आली, तेव्हाही हेच झालं. गावाच्या मोठ्या छपराखाली सगळे मांडी घालून बसले होते.

"खड्डे कसे आहेत?" तिने विचारलं.

"ठीक आहेत," सगळे एका सुरात म्हणाले. "यंदा मासे मात्र..."

"माझा बापही 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणता म्हणता सगळा खड्डा घालवून बसला," ताबेता म्हणाली. "मला खड्डा दाखवू नका, नावही सांगू नका. उद्या ज्याने त्याने आपल्या खड्ड्यातलं बाटलीभर पाणी इथे आणून ठेवा. आपल्याला ओळखू येईल अशी खूण बांधा. मी खारटपणा मोजते आणि उपाय सगळ्यांसमोर सांगते. ज्याचं त्याने ऐकावं."

युक्ती नामी होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच कौरे बाटली घेऊन खड्ड्याशी गेला, पाण्यावर वाकलासुद्धा. मग मनात आलं, आपण मारलेली गाठ तेबानो ओळखणारच. तेबानो म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त आणि तितकाच जुना स्पर्धक. आयुष्यभर एका होडीत बसून जाळी बांधलेली, गाठ कशी लपणार? सगळ्या गावात नाक कापलं जाणार. कौरे उठला, आडवाटेने चर्चमागे गेला आणि पावसाच्या टाकीचा नळ सोडून बाटली भरली. माणूस साठीला आला, पण अक्कल अजून वाटेतच होती.

छपराखाली बाटल्यांची रांग लागली. ताबेता एकेकीत यंत्र बुडवत गेली.

"गोड. ही पण गोड. हीसुद्धा गोड."

कौरेला आधी हायसं वाटलं, मग लक्षात आलं. सगळ्यांचं गोड आहे. म्हणजे बुडालो तो मी एकटाच.

शेवटची बाटली झाली. ताबेताने यंत्र पुसलं.

"अभिनंदन. सगळे खड्डे गोड, आणि सगळ्यांचा आकडा अगदी एकच. माझ्या या पेल्यातल्या पाण्याचाही तोच आहे. पेला मी सकाळी चर्चच्या टाकीवर भरला."

मागून म्हाताऱ्या रोतियाचा आवाज आला. "तरीच! म्हटलं, सकाळी सकाळी टाकीवर एवढी जत्रा कसली? एकजण तर मला बघून झाडाआड लपला!"

आणि हसण्याचा जो लोंढा फुटला, तो थांबेना. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, मांड्या बडवत होती. कौरेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. तो उभा राहिला.

"माझा खड्डा खारट झालाय."

त्या छपराखाली असं वाक्य कोणी कधी उच्चारलं नव्हतं. कोपऱ्यातून कोणी म्हणालं, "माझाही." मग आणखी एकजण.

"आता कसं बोललात!" ताबेता पुढे सरकून बसली. "पाऊस येण्याआधी खारं पाणी उपसून काढा, म्हणजे पाऊस खड्डा धुऊन काढेल. समुद्राच्या बाजूला बांध घाला. पण काका, वाण वाचवायचा असेल तर कंदांना फुटलेली पिल्लं आजच्या आज काढा आणि गोड्या खड्ड्यात लावा."

"गोडा खड्डा आहे कोणाचा?" कौरेने विचारलं.

तेबानो मान खाली घालून आपल्या बाटलीची खूण सोडत होता. त्याचा खड्डा बेटाच्या मधोमध, समुद्रापासून सगळ्यात लांब. कौरेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याचं पाणी गोड, तोही टाकीवर का गेला? कारण कळलं की लोक मागणार, आणि आमच्याकडे तोंड उघडून मागितलेलं नाकारता येत नाही. कौरेने जन्मात कोणापुढे हात पसरला नव्हता. मागणारा सगळ्यांसमोर लहान होतो. पण आज वाणाचा प्रश्न होता.

"तेबानो," तो म्हणाला, "मागतोय मी. तुझ्या खड्ड्याचा एक कोपरा दे."

तेबानोने सुस्कारा टाकला. "मागितलंस ना शेवटी, म्हाताऱ्या! घे. माझं पाणी टाकीपेक्षा गोड आहे रे, म्हणून तर लपवलं."

दुपारी तिघं तेबानोच्या खड्ड्यात उतरली. कौरेने पिल्लं चिखलात उभी केली, बुएनाने प्रत्येकाभोवती झावळ्यांची बिनबुडाची टोपली बसवली. कौरेने पानांचं गाठोडं पुढे ओढलं, तसा तेबानो रीतीप्रमाणे पाठ करून उभा राहिला.

"घाल तुझं काय ते. मी ढग बघतो."

कौरेने गाठ सोडली. वाळल्या पानांचा वास आला, बापाच्या हातांना यायचा तोच. समुद्र पुन्हा येणार होता. कधी आपण नसू, कधी बुएना ताराव्याला असेल, आणि या कोपऱ्यातली झाडं भुकेली उभी राहतील, त्यांना काय घालायचं हे न कळता तेबानो शेजारी उभा असेल.

"तेबानो, वळ इकडे."

"वेडा झालास का? तुझा बाप थडग्यातून उठून येईल."

"वळ. आणि नीट बघून ठेव, कुठली पानं ते." कौरेने मूठभर पानं पुढे धरली. "मागतोय मी."

आता नाही कसं म्हणणार? तेबानो वळला.